एका तासाची दुरुस्ती

प्रभुदास मास्तरांनी तिसऱ्या कडव्याला भाता ओढला आणि पेटीतून सुराऐवजी, दम्याच्या म्हाताऱ्यानं उसासा टाकावा तसा, नुसता वारा बाहेर आला. मास्तरांनी पुन्हा भाता मारला. पेटीनं पुन्हा उसासा टाकला आणि या वेळी त्याच्याबरोबर एक उंदीरही मागच्या बाजूनं बाहेर पडला. तो पाळकसाहेबांच्या बुटावरून गेला आणि थेट बायकांच्या बाजूला शिरला. दौंडच्या ख्रिस्ती मंडळीची त्या रविवारची उपासना तिथंच संपली.

उंदीर कुणाच्या घरचा, याबद्दल कुणाला शंका नव्हती. देवळातली ती पेटी दर गुरुवारी नदीकाठच्या वाडीत हौसरावांच्या भजनी मंडळाकडे जायची आणि शुक्रवारी परत यायची. हा रिवाज चांगला वीस वर्षांचा. त्या बदल्यात हौसराव दरसाल कापणीच्या सणाला जोंधळ्याचं एक पोतं देवळात आणून टाकायचे आणि स्वतः सपत्नीक मागच्या बाकावर बसून गीतं ऐकायचे. या खेपेला पेटी आधीच्या रविवारीच नेल्यामुळं चार दिवस जास्त, त्यांच्या कणगीशेजारी राहिली होती.

"आमचाच हाय त्यो," संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर बसून हौसरावांनी कबूल केलं. "आमच्या कणगीतला उंदीर लगीच वळखू येतो. गुटगुटीत आसतो. मास्तर, गुन्हा माझा, पेटी मी नीट करून देनार. मुंबईला गिरगावात एक नामी कारागीर हाय म्हणं. आपण दोघं जाऊ. मेव्हण्याची खोली हाय परळला."

"पण पुढच्या रविवारी कापणीचा सण," मास्तर म्हणाले. "पेटीशिवाय सण म्हणजे..."

"म्हणूनच उद्याच निघायचं. मागं पुण्याला दिलती तवा किती दिस लागलं?"

"आठवडा."

"मग आठवडाच धरून चालू."

मास्तरांच्या पत्नी ग्लॅडिसबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्या मिशनच्या दवाखान्यात सुईण होत्या. इतकी वर्षं बाळंतिणींच्या नवऱ्यांची उत्तरं ऐकून त्यांचा कान असा तयार झाला होता, की समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच त्यांना खोटं कळायचं.

"आठवडा लागेलच कशावरून?" त्यांनी आतून विचारलं.

"अगं, मागच्या खेपेला लागला होता."

"मागच्या खेपेला पेटी एकटीच गेली होती," ग्लॅडिसबाई म्हणाल्या आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

मिशनच्या शाळेचा कारभार पाळकसाहेबांकडेच होता. त्यांनी मास्तरांची आठवड्याची रजा मंजूर केली. हौसरावांच्या सरूबाईंनी आठवडाभर पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली. सोमवारी सकाळच्या गाडीत पेटी, दशम्या आणि दोघं बसले आणि दुपार कलायच्या आत गिरगावात कारागिराच्या दुकानात पोचले.

कारागीर चष्मा नाकावर घेऊन बसलेले एक कोकणातले काका होते. त्यांनी पेटी उलटी केली, मागची फळी काढली, भोकात बोट घातलं आणि विचारलं, "उंदीर?"

"व्हय. घरचाच," हौसराव म्हणाले.

"चामड्याचा तुकडा चिकटवला की झालं. बसा, चहा घ्या. तासाभरात पेटी घेऊन जा."

दोघंही बाकड्यावर बसले. रस्त्यावरून ट्राम खडखडत गेली. समोरच्या भिंतीवर एका संगीत नाटकाची जाहिरात होती, त्याखाली रात्रीच्या गाण्याच्या बैठकीची, आणि तिच्यावर अर्धवट चिकटवलेली परळच्या तमाशाची.

"मास्तर," हौसराव हळूच म्हणाले, "तासभर म्हंत्यात."

"हो. देवाची कृपाच म्हणायची. संध्याकाळची गाडी मिळेल."

"किरपा तर हायेच. पर ती माघारी जायासाठीच झाली कशावरनं?"

मास्तर भिंतीकडे बघत होते. वयाच्या अठराव्या वर्षी, नगरला ट्रेनिंगला असताना, ते एकदा नाटकाच्या तंबूच्या कनातीला कान लावून रात्रभर उभे राहिले होते. आत गाणं चाललं होतं आणि बाहेर डास चावत होते. सकाळी सुपरिंटेंडेंटसाहेबांनी समज दिली. त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. त्यानंतर मास्तरांनी शेकडो गीतांना पेटी वाजवली, पण खुर्चीत बसून दुसऱ्याचं गाणं ऐकायचा योग आला नव्हता.

"काका," मास्तर खाकरून म्हणाले, "घाई करू नका. पेटी आम्ही शनिवारी नेऊ."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तयार पेटी पाच दिवस इथं ठेवून काय करू?"

"तुमच्याकडे राहिली तर सुरात राहील," मास्तर म्हणाले आणि आपल्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाले.

त्याच बाकड्यावर बसून त्यांनी घरी पहिलं कार्ड लिहिलं. "पेटी कारागिराच्या हाती दिली. दुखणं वाटलं त्याहून खोल निघालं. शनिवारपर्यंत थांबणं भाग आहे." उंदराचं भोक चांगलं खोल होतं, तेव्हा यात खोटं काही नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मास्तर पत्रलेखन शिकवत असल्यामुळं वरच्या कोपऱ्यात पूर्ण पत्ता लिहायची त्यांच्या हाताला सवय होती. तो त्यांनी लिहिला. दुकानाचा.

त्या रात्री त्यांनी संगीत नाटक बघितलं. मास्तर दुसऱ्या रांगेत बसले. पहिलं पद सुरू झालं आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला तो शेवटचा पडदा पडेपर्यंत परत ठेवला नाही. हौसरावांना गाण्यापेक्षा राजाची काळजी जास्त. राजाला प्रधान फसवतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि राजाच्या येत नव्हतं. तिसऱ्या अंकात ते उभे राहून म्हणाले, "राजेसाहेब, त्यो मागं उभा हाय बगा!" थिएटरात हशा पिकला. राजानं खरंच मागं वळून बघितलं.

मंगळवारी मेव्हणे म्हस्कू, जे गिरणीत रात्रपाळीला होते, म्हणाले, "कोटात म्होट्या म्होट्या चिताऱ्यांची चित्रं लावल्यात. बघाया काय पडत न्हाई." म्हणून दोघं तिकडे, फोर्टातल्या प्रदर्शनात गेले. एका भल्या मोठ्या चित्रापुढं हौसराव पाव तास उभे राहिले. चित्रात पिवळे, तांबडे चौकोन होते आणि मधून एक काळी वाकडी रेघ.

"वळखलं का मास्तर?"

"नाही बुवा."

"गटाचा नकाशा हाय. ह्यो ऊस, ही पडीक, आन् ह्यो वढा. पर वढा वरच्या अंगाला चाललाय. चित्तर उलटं टांगलंय त्यांनी."

शेजारी दाढीवाला एक तरुण उभा होता. तो चित्रकारच निघाला. तो रागावेल म्हणून मास्तर घाबरले. पण त्यानं चित्राकडे बराच वेळ बघितलं, शिपायाला बोलावलं आणि चित्र खाली उतरवून फिरवून लावलं.

त्या दिवशीचं कार्ड हौसरावांनी सांगितलं आणि मास्तरांनी लिहिलं. हौसरावांना पेटीतलं काही कळत नव्हतं, पण बैलाच्या दुखण्यातलं सगळं कळायचं. त्यामुळं कार्डात मजकूर उतरला तो असा : "पेटीचं पोट साफ केलं. दम कमी आहे. आज थोडी उठून बसली."

बुधवारी गाण्याची बैठक. सुरुवातीला हौसराव मुकाट बसले. मग एका तानेला त्यांच्या तोंडून "आरं वा रं माझ्या वाघा!" असं निघून गेलं. सगळ्या पांढऱ्या टोप्या मागं वळल्या. मास्तरांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण गवई हसले, त्यांनी तीच तान पुन्हा घेतली, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत ते हौसरावांकडे बघूनच गायले. कार्ड : "काल रात्रभर जागून सूर जुळवले."

गुरुवारी मात्र तमाशा.

"मी येणार नाही," मास्तर म्हणाले. "मी मंडळीचा माणूस आहे, हौसराव."

"मग डोळं मिटून बसा. लावणी कानानं ऐकायची आसती."

मास्तर डोळे मिटून बसले. पण वग सुरू व्हायच्या आधीच फडाच्या सरदारानं पुढं येऊन हात जोडले. पेटीवाल्याचा अंगठा दारात चेमटला होता. "रसिक मायबापांत कुणी पेटी वाजवनारं हाय का?" असं त्यानं विचारलं, आणि मास्तरांचे डोळे मिटलेले असल्यामुळं हौसरावांनी आपला हात त्यांच्या मनगटाखाली घालून तो वर केलेला त्यांना वेळेवर दिसला नाही.

दोन मिनिटांत ते पेटीमागं होते. नाचणारीनं पहिली ओळ म्हटली आणि मास्तर थक्क झाले. ही चाल त्यांच्या बोटांना पाठ होती! पूर्वीच्या कुणा भक्तानं आपलं गीत लोकांना गोड लागावं म्हणून तिच्यावरच बांधलं होतं. कापणीच्या सणाला ते दरसाल वाजायचं. मास्तरांनी अशी साथ केली, की ढोलकीवाला तीनदा त्यांच्याकडे वळून हसला. घुंगरांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. निदान सलग बघितलं नाही.

शुक्रवारी कोटातल्या एका झगमगीत हॉटेलात इंग्रजी बँड ऐकायला गेले. दारातल्या पहारेकऱ्यानं पटका बघून हौसरावांना अडवलं. "ह्या पटक्याला मामलेदार खुर्ची देतो," हौसराव म्हणाले, तेवढ्यात बँडचा गोव्याचा म्होरक्या विडी ओढायला बाहेर आला आणि दोघांना आपले पाहुणे म्हणून मागच्या दारानं आत घेऊन गेला. दोघांनी कोपऱ्यात बसून कॉफी घेतली आणि साहेबलोक जोडीनं नाचतात ते बघितलं. "एवढं नाचून बी कुनाचं लगीन न्हाई म्हंजी कमालच," हौसराव म्हणाले. कार्ड लिहायला त्या दिवशी मास्तरांना काही सुचेना. अखेर त्यांनी लिहिलं, "आज पेटीनं परदेशी सूर काढले."

शनिवारी सकाळी दोघं दुकानात गेले. काका दुसरीच पेटी उघडून बसले होते.

"आमची पेटी?"

"ती कधीच गेली. बुधवारी. रेल्वे पार्सलनं."

"कुठं?"

"दौंडला. तुमच्या मंडळींचं पत्र आलं ना!" काकांनी फळीवरून एक पाकीट काढून दिलं. ग्लॅडिसबाईंचं वळणदार अक्षर मास्तरांनी लांबूनच ओळखलं. मजकूर थोडका होता. "उंदरानं पाडलेलं भोक बुजवून झालं असल्यास पेटी ताबडतोब रवाना करावी. पार्सलची पावती माझ्या नावे टपालानं पाठवावी. यजमानांना कळवण्याची गरज नाही."

मास्तर खाली बसले. शेवटचा शब्द वाचून झाल्यावर पुन्हा पहिला वाचला.

"म्हणजे बुधवारी निघाली. गुरुवारी तिथं पोचली."

"मंग 'रातभर जागून सूर जुळवलं' ह्ये कार्ड?" हौसरावांनी विचारलं.

"शुक्रवारी पोचलं असेल. पेटीच्या मागून."

"आन् परदेशी सूर?"

"आज पोचेल. आपल्या थोडं आधी."

परतीच्या गाडीत हौसरावांनी लोणावळ्यापासून तोडगे काढायला सुरुवात केली. काकांनी दुसऱ्याचीच पेटी पाठवली म्हणायचं. कार्डं टपालात आठवडाभर अडकली म्हणायचं. मास्तरांना एकाएकी ताप आला होता म्हणायचं. मास्तर प्रत्येक वेळी मान हलवत होते. "तिला ताप बघता येतो, हौसराव," ते म्हणाले. यवत मागं पडलं तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं. "मी खरं सांगणार. उद्या उपासनेत उभा राहून साक्ष देणार. माझ्याच्यानं हे पोटात ठेवून पेटीवर हात ठेववणार नाही."

"समद्यांम्होरं?" हौसरावांचा घास घशात अडकला. "आवो, मी बी मागच्या बाकावर आसनार हाय!"

दौंडच्या फलाटावर ग्लॅडिसबाई आणि सरूबाई दोघी जोडीनं उभ्या होत्या. मास्तर हौसरावांच्या मागं सरकले. पण ग्लॅडिसबाईंनी हसून त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "दमला असाल. पाणी तापवून ठेवलंय."

सरूबाईंनीही नवऱ्याला काही विचारलं नाही. उलट, "लई वाळलासा," म्हणाल्या.

घरी वांग्याचं भरीत होतं, गरम भाकरी होती. पेटीचा विषय निघाला नाही. मास्तर घास गिळत आणि वाट बघत बसले. बोलली असती, भांडली असती तर बरं, असं त्यांना झालं. जेवण झाल्यावर पाळकसाहेब दारावरून जाताना थांबले. "मास्तर, फार कष्ट पडले तुम्हाला पेटीपायी. आणि बाईंनाही," ते गंभीरपणे म्हणाले. मास्तरांना तो टोमणा वाटला. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी देऊळ जोंधळ्याच्या कणसांनी, उसांनी आणि भोपळ्यांनी सजवलं होतं. जागेवर पेटी होती; पुसलेली, चकचकीत. मास्तरांनी पहिलं गीत वाजवलं. सूर असे स्वच्छ आले, की मास्तरांना आणखीच अपराधी वाटलं. गीत संपलं आणि पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?"

मास्तर उठले. बायकांच्या बाजूनं ग्लॅडिसबाईंनी एकदम मान वर केली आणि हातानं खूण केली, खाली बसा. मास्तरांना वाटलं, बिचारी आपली अब्रू वाचवतेय. त्यांचा निश्चय पक्का झाला.

"बंधुभगिनींनो, मी खोटं बोललो. पेटी एका तासात दुरुस्त होत होती. मी मुद्दाम आठवडाभर मुंबईत राहिलो. सोमवारी नाटक बघितलं..."

मास्तरांनी खाली मान घालून सगळं सांगायला घेतलं. सांगताना नाटकातलं पद कसं होतं हे सांगणं आलं. ते सांगताना एक ओळ गुणगुणणं आलं. प्रधानाच्या प्रसंगाला मुलं खिदळली. मागच्या बाकावर हौसराव पटक्यात तोंड लपवून बसले होते, पण उलट्या चित्राची हकीकत आली तेव्हा त्यांना राहवेना. "वढा वर चालला हुता," त्यांनी तिथूनच साक्ष दिली.

बुधवारची तान सांगून झाल्यावर मास्तर थांबले. "आणि मग गुरुवारी... ते सांगण्याजोगं नाही. मी क्षमा मागतो." ते बसायला लागले.

"आणि गुरुवारी काय?" पहिल्या बाकावरून राहेलआजी म्हणाल्या. त्या मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. "मेल्या, अर्धंच सांगून बसतोस होय?"

मास्तरांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब पुढं झुकून ऐकत होते. ते सावरून बसले. "कबुली पूर्ण असावी, मास्तर," ते म्हणाले.

मग मास्तरांनी तमाशा सांगितला. राहेलआजींनी साथ कुठल्या पट्टीत केली ते विचारून घेतलं. कुठलं गीत त्या चालीवर आहे हे मास्तर सांगेनात, तेव्हा मंडळीनं आपापसांत कुजबुजून दोन मिनिटांत ते ओळखलं. हॉटेलातला बँड सांगेपर्यंत दारापाशी स्टेशनवरचे मुसलमान गार्डबाबू आणि दोन हमाल येऊन उभे राहिले होते.

"आणि शनिवारी दुकानात गेलो तर पेटी नव्हती," मास्तर शेवटी म्हणाले. "ती बुधवारीच निघून गुरुवारी सकाळी दौंडला पोचली होती. माझ्या पत्नीला सगळं ठाऊक असून तिनं एका शब्दानं मला दुखवलं नाही. मी तिचाही अपराधी आहे." त्यांनी डोळे पुसले आणि ते बसले.

पाळकसाहेब उठले. क्षमेबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मास्तर, पेटी गुरुवारी सकाळी दौंडला आली म्हणता?"

"हो. पेटीच्या तळाला दौंड स्टेशनची गुरुवारची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे."

"पण ग्लॅडिसबाईंनी तर गुरुवारी दवाखान्यात मला सांगितलं की पेटी पुण्याला पार्सल ऑफिसात अडकून पडली आहे. ती सोडवायला म्हणून दोन दिवसांची रजा घेऊन त्या पुण्याला गेल्या होत्या. सोबतीला सरूबाईंना घेऊन."

मागच्या बाकावर हौसरावांनी पटका तोंडावरून काढला आणि शेजारी बघितलं. सरूबाई छताची कौलं मोजत होत्या.

मास्तर सावकाश बायकांच्या बाजूला वळले. मंडळीतली एकूण एक मान त्यांच्याबरोबर वळली. ग्लॅडिसबाई उठल्या, त्यांनी पदर नीट केला, खाकरून घसा साफ केला. पाळकसाहेब मुकाट्यानं परत खुर्चीत बसले. राहेलआजींनी बाकावर पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"माझीही थोडी साक्ष आहे," ग्लॅडिसबाई म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी आम्ही दोघी पुण्याला उतरलो. नाटकाची तिकिटं आधीच काढून ठेवलेली होती..."